ठाण्यात नवे आहात? महापालिकेचं मत ठरवण्याआधी आपलं पाणी कुठून येतं ते बघा

जानेवारी २०२६ मध्ये, मतदानाला चार-पाच दिवस उरले असताना, आमच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या मुलीने मला लिफ्टमध्ये विचारलं, "काकू, आपल्याकडे कोणाला द्यायचं?" मी तिलाच विचारलं, "तुझ्या नळाला पाणी येतं ते कुठलं?" ती म्हणाली, "सोसायटीचं."

येऊन सहा महिने झाले होते तिला. मुलाचा शाळाप्रवेश, गॅस, भाडेकरार, सगळं तिने एकटीने मार्गी लावलं होतं. पण सोसायटीच्या टाकीत पाणी कुठून येतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी मी कोल्हापूरहून घोडबंदर रोडला राहायला आले तेव्हा मलाही कोणी सांगितलं नव्हतं. पंचगंगेच्या गावातून आलेल्या बाईला दारात टँकर उभा राहिलेला बघून काय वाटलं असेल ते सांगत बसत नाही.

कोणाला मत द्यावं हे या लेखात नाही. ठाण्यातला कोणता प्रश्न कोणाच्या हातात आहे, हे आहे. ते कळलं की दारात आलेल्या उमेदवाराला काय विचारायचं ते सुचत जातं. निवडणूक नुकती होऊन गेली असली तरी सुरुवात आत्ताच करा. एक शंभर पानी वही पुरते.

आधी नाव कुठे आहे ते बघा

लोकसभा-विधानसभेच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो आणि महापालिकेच्या राज्य निवडणूक आयोग. संस्था दोन असल्या तरी मतदार यादीचा पाया एकच आहे. विधानसभेची यादी घेतात आणि ती प्रभागांप्रमाणे फोडतात. त्यामुळे महापालिकेसाठी म्हणून वेगळं नाव घालता येत नाही. विधानसभेच्या यादीत असाल तरच प्रभागाच्या यादीत याल.

यात नवे लोक हमखास फसतात ते तारखेत. १५ जानेवारी २०२६ च्या मतदानाला १ जुलै २०२५ ची यादी वापरली गेली. दिवाळीत बॅनर लागल्यावर जाग आलेल्यांचा अर्ज रीतसर मंजूर झाला, तरी त्या मतदानापुरता तो उपयोगाचा नव्हता. म्हणून घर बदललं की त्याच महिन्यात अर्ज करा. आयुष्यात पहिल्यांदाच नाव घालायचं असेल तर नमुना ६. गावाकडे किंवा दुसऱ्या शहरात नाव असेल आणि ते इथे आणायचं असेल तर नमुना ८. हे दोन्ही ऑनलाइन भरता येतात, नाहीतर आपल्या भागातल्या बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे देता येतात.

"गावचं नाव राहू दे, इथे नवीन घालू" असं बरेच जण करतात. करू नका. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याला मान्य नाही. गेल्या वेळी प्रभाग याद्यांमध्ये दुबार वाटणाऱ्या नावांपुढे तारांकन करून त्यांची वेगळी शहानिशा केली गेली. ज्या गावात वर्षातून आठ दिवस जातो तिथल्या ग्रामपंचायतीपेक्षा जिथे रोज कचरा टाकतो तिथल्या महापालिकेत आपलं नाव हवं, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक. प्रभागाची प्रारूप यादी प्रसिद्ध झाली की हरकतींसाठी मुदत मिळते. सीमेवरच्या इमारतींची नावं शेजारच्या प्रभागात सरकण्याचे प्रकार होतात आणि ते याच मुदतीत दुरुस्त होतात.

मत एक नाही, चार

मुंबईहून ठाण्यात आलेल्यांना हे माहीत नसतं, कारण मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडतात. ठाण्यात ३३ प्रभाग आणि १३१ नगरसेवक आहेत. त्यातल्या ३२ प्रभागांतून प्रत्येकी चार आणि एका प्रभागातून तीन. चार नगरसेवकांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा जागा. प्रत्येक जागेसाठी उमेदवार वेगळे आणि मतही वेगळं. एकूण जागांपैकी निम्म्या महिलांसाठी राखीव असतात.

लोक याला 'पॅनेल' म्हणतात, आणि पक्षांचे कार्यकर्ते सांगतात की चारही बटणं एकाच चिन्हाची दाबा. तसं दाबायचं असेल तर जरूर दाबा, पण बंधन काही नाही. चार जागा म्हणजे चार स्वतंत्र निवडणुका. मी गेल्या वेळी प्रत्येक जागेसाठी वहीत वेगळं पान केलं होतं आणि दोन पानांवर माझा कौल एका बाजूला गेला, दोन पानांवर दुसऱ्या.

चार नगरसेवकांचा एक तोटा निवडून आल्यावर कळतो. दिवाबत्तीची तक्रार घेऊन गेलं की "तो भाग माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे" असं उत्तर मिळतं. ही त्यांची आपापसातली वाटणी असते. कायद्याने चौघेही संपूर्ण प्रभागाचे प्रतिनिधी आहेत. तेव्हा तक्रारीचा अर्ज चौघांच्याही नावे लिहा.

कोणाचं काम कोणाकडे

वहीच्या पहिल्या दोन पानांवर मी ही विभागणी लिहिली आहे आणि वहीत सगळ्यात जास्त उपयोग तिचाच झाला.

महापालिकेचं स्वतःचं म्हणजे पाण्याचं वितरण, गटारं आणि नाले, कचरा, शहरातले अंतर्गत रस्ते आणि पदपथ, पथदिवे, उद्यानं, तलाव, स्मशानभूमी, महापालिका शाळा, आरोग्य केंद्रं, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, टीएमटीच्या बस, बांधकाम परवानग्या आणि अनधिकृत बांधकामांवरची कारवाई. यातली बरीचशी कामं महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये बंधनकारक कर्तव्यं म्हणून आहेत. बंधनकारक म्हणजे पैसे नाहीत म्हणून सोडून देता येत नाहीत. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामं आहेत. उमेदवाराच्या पत्रकात कलम ६६ छापाची आकर्षणं जास्त आणि ६३ ची कामं कमी दिसली, तर मी तिथेच पेन्सिलीने खूण करते.

महापालिकेचं नसलेलं पण प्रचारात हमखास येणारं म्हणजे मेट्रो, ठाणे–बोरिवली जुळा बोगदा आणि खाडीकिनारी मार्ग. हे एमएमआरडीएचे, म्हणजे राज्य सरकारच्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे प्रकल्प. लोकल गाड्या रेल्वेच्या. वाहतूक पोलीस राज्याच्या गृहखात्याचे. वीज महावितरणची आणि कळवा-मुंब्रा-दिव्यात टोरंट पॉवरकडे दिलेली. ठाण्याचं सिव्हिल हॉस्पिटल राज्य सरकारचं. या कामांसाठी नगरसेवक पाठपुरावा करू शकतो, निवेदन देऊ शकतो, पण "मेट्रो मी आणली" असं फलकावर लिहिलेलं दिसलं तर ते त्याच्या कामाच्या खात्यात धरू नका. मेट्रोच्या खांबाखालची गटारं तुंबली का, हे मात्र नक्की विचारा, कारण पावसाळ्याआधीची नालेसफाई महापालिकेची.

नगरसेवकाच्या हातात मग काय उरतं? बरंच उरतं. महासभा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांची सभा, अर्थसंकल्प मंजूर करते, करांचे दर ठरवते, विकास आराखड्यावर निर्णय घेते. १६ जणांची स्थायी समिती ठेक्यांना मंजुरी देते. अंमलबजावणी आयुक्तांकडे, आणि आयुक्त राज्य सरकारने नेमलेले अधिकारी असतात. ठाण्यात फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षं प्रशासकाने कारभार पाहिला. ठराव करणारा तोच आणि राबवणारा तोच. त्या चार वर्षांत आमच्या भागातल्या तक्रारीला सभागृहात तोंड नव्हतं, हे मी जवळून पाहिलंय. म्हणून "नगरसेवक असून काय फरक पडतो" असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही.

पाणी

ठाणे तलावांचं शहर आहे, पण पिण्याच्या पाण्यासाठी ठाण्याचं स्वतःचं धरण नाही. शेजारच्या नवी मुंबई महापालिकेकडे मोरबे धरण आहे. ठाण्याला चार ठिकाणांहून पाणी येतं. भातसा नदीवर पिसे इथे उचलून टेमघरला शुद्ध होणारी महापालिकेची स्वतःची योजना दिवसाला साधारण २५० दशलक्ष लिटर देते. आसपासच्या शहरांना पाणी पुरवणारं स्टेम प्राधिकरण ११५, एमआयडीसी म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ १३५ आणि मुंबई महापालिका ८५. बेरीज ५८५. या आकड्यांमध्ये थोडंफार कमी-जास्त होत असतं, पण चित्र हेच आहे: निम्म्याहून जास्त पाणी दुसऱ्यांकडून विकत घेतलेलं.

आता तुमचा भाग बघा. दिवा, मुंब्रा आणि कळव्याचा मोठा भाग एमआयडीसीच्या पाण्यावर आहे. घोडबंदर पट्ट्यात स्टेमचं पाणी येतं. मुंबई महापालिकेने पाणीकपात जाहीर केली की कोपरी आणि किसननगरकडच्या लोकांनी बादल्या भरून ठेवायच्या. वर्तमानपत्रात 'शटडाऊन' आणि 'पुढील एक-दोन दिवस कमी दाबाने पाणी' अशी चौकट दिसली की तीत कोणाच्या दुरुस्तीसाठी पाणी बंद आहे ते वाचा. दोन-तीन वेळा वाचलंत की आपलं पाणी कोणाचं ते कळतं. आमच्या सोसायटीत हे मी नोटीस बोर्डावर लावलंय.

पाण्याबद्दल प्रचारात दोन मोठी नावं वर्षानुवर्षं ऐकू येतात, काळू आणि शाई. मुरबाड-शहापूरकडच्या या नद्यांवर धरण बांधून ठाण्याला पाणी आणायचं, ही कल्पना जुनी आहे. त्या गावांतल्या आदिवासी आणि शेतकऱ्यांचा विस्थापनाला विरोधही तितकाच जुना आहे. माझं मत स्पष्ट आहे. आपल्या टॉवरच्या तरणतलावासाठी दुसऱ्याचं शिवार बुडत असेल तर आधी आपल्या घरची गळती थांबवली पाहिजे. म्हणून उमेदवाराला मी धरणाबद्दल शेवटी विचारते. त्याआधी हे विचारते:

- आपल्या प्रभागातल्या जलकुंभात रोज किती पाणी चढतं आणि किती जोडण्यांना जातं?
- जुन्या जलवाहिन्या कुठल्या रस्त्याखाली आहेत आणि कधी बदलणार?
- मीटर किती जोडण्यांना लागलेत?
- नव्या इमारतीला परवानगी देताना पाण्याचा हिशोब कोण करतं?

शेवटचा प्रश्न घोडबंदरवाल्यांनी तर सोडूच नये. २०१७ मध्ये इथल्या पाणीटंचाईचा विषय उच्च न्यायालयात गेला होता आणि नव्या बांधकामांच्या परवानग्यांवर काही काळ बंधनं आली होती. त्यानंतरही टॉवर उभे राहतच गेले. टँकरचा खर्च सोसायटीच्या देखभाल शुल्कात मिसळून जातो, त्यामुळे तो कोणाला टोचत नाही. आमच्या सेक्रेटरींनी एका वर्षी टँकरची रक्कम वेगळ्या ओळीत दाखवायला सुरुवात केली. त्या महिन्याच्या सभेला एरवी कधी न येणारे लोकही आले. तुमच्या सोसायटीला हे एवढंच करायला सांगा. मार्च ते जून किती टँकर आले, याची नोंद वहीत ठेवा आणि नगरसेवकाला भेटायला जाताना ते पान घेऊन जा.

कचरा

पाण्यासारखीच कचऱ्याची गोष्ट. कितीतरी वर्षं ठाण्याचा कचरा दिव्यात जाऊन पडत होता. दिवेकरांनी धूर आणि दुर्गंधी सोसली. २०२३ मध्ये ते डम्पिंग बंद झालं. मग कचरा भंडार्लीला जायला लागला, मग डायघरचा कचरा प्रकल्प आणि तिथल्या गावकऱ्यांचा विरोध. वागळे इस्टेटमधल्या सीपी तलावाजवळ कचरा हस्तांतर केंद्र आहे. २०२५ च्या सुरुवातीला तिथे कचऱ्याचा डोंगर साचला आणि रहिवासी रस्त्यावर आले. पुढची जागा म्हणून भिवंडी तालुक्यातल्या आतकोलीचं नाव आहे.

नौपाड्यात किंवा हिरानंदानीत राहणाऱ्याला हे दूरचं वाटतं, कारण सकाळी घंटागाडी येते आणि कचरा दिसेनासा होतो. पण तो दिव्याच्या, डायघरच्या, वागळेच्या माणसाच्या उशाशी जाऊन पडतो. त्यामुळे उमेदवार कुठल्याही प्रभागातला असो, त्याला विचारा की आपल्या प्रभागाचा ओला कचरा प्रभागातच जिरवायची त्याची काय योजना आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या मोठ्या संकुलांवर ओल्या कचऱ्याची प्रक्रिया जागेवरच करण्याची जबाबदारी टाकली. तुमच्या संकुलात यंत्र बसवलेलं असेल तर ते चालू आहे का, हे आधी बघा. मी पाहिलेल्या संकुलांपैकी काहींत ते ताडपत्रीखाली झाकून ठेवलेलं होतं.

बांधकामाचा राडारोडा हा वेगळाच विषय. रात्री डंपर येतात आणि खाडीकडेला रिकामे होतात. ठाणे खाडीत २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. खारफुटी बुजली की भरतीचं पाणी वस्तीत शिरतं. कोलशेत, बाळकुम, कळवा, दिवा या खाडीकाठच्या भागात राहायला आला असाल तर उमेदवाराच्या यादीत हा विषय आहे का ते शोधा. बहुतेक पत्रकांत तो नसतो.

रस्ता

घोडबंदर रोडबद्दल सगळेच बोलतात. न्हावा-शेवाहून गुजरातकडे जाणारे कंटेनर, मेट्रोची कामं, गायमुख घाटातले खड्डे, मुख्य रस्त्यात विलीन केलेले सेवा रस्ते. अडकून बसलेल्या माणसाला कोणाला दोष द्यावा ते कळत नाही, कारण इथे महापालिका, एमएमआरडीए, राज्याचं बांधकाम खातं आणि वाहतूक पोलीस असे चौघे एकाच रस्त्यावर आहेत. नगरसेवक अवजड वाहनांची वेळ ठरवू शकत नाही. ती वाहतूक पोलीस अधिसूचना काढून ठरवतात.

तो काय करू शकतो? सोसायटीच्या गेटपासून बसथांब्यापर्यंत चालता येईल असा पदपथ मागू शकतो. केबल किंवा गॅससाठी रस्ता खोदायला महापालिका परवानगी देते आणि तो पूर्ववत करायचे पैसे आधीच घेते. ते पैसे त्या रस्त्यावर खर्च झाले का, हे तो विचारू शकतो. आपल्या गल्लीत पावसाळ्याच्या तोंडावर चर खणला गेला तर तारीख घालून फोटो काढा.

टीएमटीकडे लोक दुर्लक्ष करतात. १९८९ पासून चालणारी ही सेवा महापालिकेची स्वतःची आहे, म्हणजे इथे नगरसेवकाला "ते आमच्याकडे नाही" असं म्हणता येत नाही. सकाळी आठ ते दहा या वेळेत आपल्या थांब्यावर ठाणे स्टेशनच्या किती बस आल्या आणि दोन बसमध्ये किती वेळ गेला, हे तीन दिवस लिहा. मी लिहिलं होतं. वहीतलं ते पान दाखवल्यावर उमेदवाराची पुढची वाक्यं बदलली. दिव्यात राहत असाल तर स्टेशनजवळचं रेल्वे फाटक आणि पूर्व-पश्चिम जोडणारा उड्डाणपूल हा पहिला प्रश्न. त्यात रेल्वे आणि महापालिका दोघांचाही वाटा आहे, म्हणून महापालिकेच्या वाट्याचं काम कुठवर आलं तेवढंच विचारा.

घर सुरक्षित आहे का

४ एप्रिल २०१३ ला शीळ फाट्याजवळची बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. ठाण्यात घर घेणाऱ्या प्रत्येकाने ही तारीख लक्षात ठेवावी. बारा वर्षांनी, २०२५ मध्ये, त्याच शीळ भागातल्या अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पाडाव्या लागल्या. त्यात कर्ज काढून, दागिने मोडून घरं घेतलेली साधी कुटुंबं होती. इमारत उभी राहत असताना प्रभाग समितीच्या कार्यालयातून ती दिसत नव्हती का, हा प्रश्न त्या कुटुंबांनी नाही तर कोणी विचारायचा?

घर बघतानाच बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा. निव्वळ घरपट्टीची पावती म्हणजे इमारत अधिकृत असल्याचा पुरावा नव्हे. अनधिकृत बांधकामांनाही कर लागतो.

जुन्या ठाण्यात, म्हणजे नौपाडा, उथळसर, कोपरी, किसननगर, लोकमान्यनगर या भागात भाड्याने राहत असाल तर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते ती बघा. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. सी-२बी रिकामी न करता दुरुस्त करायची आणि सी-३ किरकोळ दुरुस्तीची. ३० वर्षांहून जुन्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण कायद्याने बंधनकारक आहे.

या भागांत प्रचाराचा मोठा शब्द म्हणजे 'क्लस्टर'. एकेक इमारत न बांधता संपूर्ण वस्ती मिळून पुन्हा उभारायची, अशी ही समूह विकास योजना किसननगरपासून सुरू झाली. तिची गरज आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण विचारायचं ते हे: संक्रमण शिबिर कुठे, किती वर्षं, भाडेकरूचं काय, आणि नव्या इमारतीचा देखभाल खर्च धुणीभांडी करणाऱ्या बाईला झेपणार का? फक्त चौरस फूट सांगणाऱ्या उमेदवाराकडे या चारांची उत्तरं नसतात.

दवाखाना, मैदान, तलाव

कळव्याच्या रुग्णालयात नुसतं ठाणं नाही, ग्रामीण भागही येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे २४ तासांत १८ रुग्ण दगावले. आपल्याला विमा आहे म्हणून हा विषय सोडू नका. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशी त्याच रांगेत उभ्या असतात.

मैदानाबद्दल एकच गोष्ट. ऑक्टोबर २०२४ मध्ये शहराचा नवा प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला आणि त्यावर बऱ्याच हरकती आल्या. आराखड्याच्या नकाशात आपल्या घराभोवतीचे मोकळे भूखंड कशासाठी राखीव आहेत ते शोधा. आज मुलं जिथे क्रिकेट खेळतात तिथे नकाशात दुसरंच काही असू शकतं. तलावपाळीचं सुशोभीकरण सगळ्यांना दिसतं. आपल्या भागातल्या लहान तलावात सांडपाणी येतं का, ते तुम्हालाच बघावं लागेल.

पैसा

२०२५-२६ चा ठाणे महापालिकेचा अर्थसंकल्प ५,६४५ कोटींचा होता. संपूर्ण पुस्तक वाचायची गरज नाही. पाणीपुरवठा, घनकचरा, आरोग्य आणि रस्ते या चार शीर्षांखाली गेल्या वर्षी किती धरले होते, प्रत्यक्षात किती खर्च झाले आणि यंदा किती धरलेत, हे तीन रकाने बघा. धरलेले आणि खर्च झालेले यात जिथे मोठी तफावत, तिथे प्रश्न.

घरपट्टीचं बिलही नीट वाचा. त्यात सामान्य कर, जललाभ कर, मलनिःसारण कर, वृक्ष कर असे तुकडे असतात. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर महापालिका फक्त गोळा करते, ते राज्याकडे जातात. "घरपट्टी माफ" असं आश्वासन दिसलं की यातला कोणता तुकडा माफ आणि त्याची भरपाई कुठून, हे विचारा. भाडेकरूंनो, तुमच्या भाड्यातूनही हा कर जातो, तेव्हा हा प्रश्न घरमालकाचाच आहे असं समजू नका.

प्रभागातल्या एखाद्या कामाची मोजमाप वही (झालेल्या कामाच्या मापांची सरकारी नोंद) किंवा ठेक्याची प्रत हवी असेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून मागता येते. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. या कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचा नमुना घेण्याचाही हक्क आहे. ठाण्यात नऊ प्रभाग समित्या आहेत. आपली कोणती ते बघून तिथल्या सहायक आयुक्तांचं कार्यालय एकदा डोळ्यांखाली घाला.

उमेदवार दारात आल्यावर

संध्याकाळी सात-साडेसातला येतात, दहा-पंधरा जण सोबत असतात, आणि त्यांना पुढच्या इमारतीत जायचं असतं. तुम्हाला दोन मिनिटं मिळतात. म्हणून तीनच प्रश्न तयार ठेवा. त्यातला एक तरी असा हवा की ज्याचं उत्तर आकड्यात किंवा तारखेत येईल. "पाण्याचं बघा" म्हटलं की "बघतो" हेच उत्तर येणार. "आपल्या जलकुंभाचं काम कुठल्या टप्प्यावर अडलंय?" म्हटलं की समोरच्याला थांबावं लागतं. माहीत नसेल आणि त्याने तसं सरळ सांगून दोन दिवसांनी फोन केला, तर माझ्या वहीत त्याला जास्त गुण.

पूर्वी निवडून आलेला असेल तर महासभेत त्याने आपल्या प्रभागाबद्दल कोणता विषय मांडला ते विचारा. नवा असेल तर गेल्या दोन वर्षांत प्रभाग समितीत कोणती तक्रार घेऊन गेला ते. उमेदवारीसोबतच्या शपथपत्रात मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती असते आणि ती मतदारांना बघता येते. दहा मिनिटं काढून चारही जागांच्या उमेदवारांची वाचा. सोसायटीला रंग लावून देतो, सीसीटीव्ही बसवून देतो, असं कोणी म्हणालं तर समितीत आधीच ठरवून ठेवा की नको म्हणायचं. आमच्याकडे यावरून दोन सभा वादात गेल्या आणि शेवटी नको म्हणायचं ठरलं. त्यानंतर सोसायटीच्या कुंपणापलीकडच्या नाल्याचं काम मागताना आमच्या सेक्रेटरींना कोणापुढे मान खाली घालावी लागली नाही.

मतदानाच्या दिवशी

ओळखपत्र घ्या, मोबाइल घरी ठेवा आणि एका कागदावर अ, ब, क, ड लिहून आपली चार नावं घरूनच ठरवून जा. आत चारही जागांची यादी एकापाठोपाठ समोर येते. यंत्रावर वेगळ्या जागांच्या मतपत्रिकांचा रंग वेगळा असतो, पण गर्दीत ज्येष्ठांचा गोंधळ उडतो. एखाद्या जागेसाठी कोणीच पटत नसेल तर त्या जागेपुरतं 'वरीलपैकी कोणीही नाही' आहे. महापालिकेच्या मतदानात चिठ्ठी दाखवणारं व्हीव्हीपॅट यंत्र नसतं, त्यामुळे बटणाजवळचा दिवा लागला का ते प्रत्येक वेळी बघा. एक-दोन बटणं दाबून पुष्कळ जण वळतात आणि केंद्रावरचे कर्मचारी त्यांना परत बोलावतात. सगळ्या जागांचं मत नोंदवून झालं की यंत्राचा लांब आवाज येतो. तो ऐकू येईपर्यंत तिथून हलू नका.